ठोशानंतरचा आवाज

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की ठोसाताईंना आडवं व्हायचं असतं आणि त्यांच्या यजमानांना नेमकं तेव्हाच बोलायचं असतं. एकतीस वर्षांच्या संसारात यावर तोडगा निघालेला नाही. यजमान टपाल कचेरीत पत्रं निवडायचं काम करत. ते निवृत्त झाले, पण त्यांचे हात काही निवृत्त व्हायला तयार नाहीत. बिलं, जाहिराती, औषधांच्या चिठ्ठ्या, जे सापडेल त्याचे गठ्ठे. त्या रविवारी ते टेबलाशी बसून मोबाइलवरची प्रेक्षकांची मतं वहीत उतरवून घेत होते आणि त्यांचेही गठ्ठे करत होते. वहीत चार रकाने होते: स्तुती, शिव्या, दोन्ही, आणि संबंध नाही.

मतं होती ‘एक लाथ, सात गुरू’ या चित्रपटावरची. कराटे-कुंगफूच्या चित्रपटांची टर उडवणारा हा विनोदी चित्रपट एका माणसाने चार मित्रांकडून पैसे गोळा करून काढला होता. पूर्वी तो व्यायामशाळांना यंत्रं विकायचा, आता दिग्दर्शक झाला होता. गोष्ट इतकीच, की एका भित्र्या शिंप्याला एकच लाथ शिकायची असते आणि त्यासाठी तो सात गुरूंकडे जातो. सातही गुरूंचं काम एकाच नटाने केलं होतं, कारण दुसरा परवडत नव्हता. या चित्रपटातला प्रत्येक ठोसा, प्रत्येक लाथ आणि मोडलेलं प्रत्येक हाड ठोसाताईंनी वाजवलं होतं.

“ऐक हं,” यजमान म्हणाले. “‘पाचव्या गुरूची दाढी उलटी चिकटवली आहे. पाच तारे.’ हे स्तुतीत घालू की दोन्हीत?”

“कचऱ्यात घाला,” ठोसाताई पलंगावरून म्हणाल्या.

“‘गुरुजी बर्फाच्या शिखरावर ध्यानाला बसलेत, मागे गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. टाकीने नटापेक्षा बरं काम केलंय.’ हे दोन्ही. ‘माझ्या सासऱ्यांना हा खराखुरा मारामारीचा चित्रपट वाटला. शेवटी ते रडले.’ हे काय समजायचं, गं?”

“त्या सासऱ्यांना विचारा.”

“‘डबा फुटलेला आला, झाकण नव्हतं.’ हे संबंध नाही. कोण कुठे काय लिहील, सांगता येत नाही.”

ठोसाताईंनी कूस बदलली. त्या कधी प्रेक्षकांची मतं वाचत नसत. तेहेतीस वर्षांत दोनशेच्या वर चित्रपटांना त्यांनी आवाज भरला होता, आणि कुणा प्रेक्षकाने त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांना त्याचं वाईटही वाटत नसे. हे कामच तसं. पडद्यावर माणूस जिना चढतो तेव्हा त्याची पावलं त्याचीच वाटली पाहिजेत. शूटिंगच्या वेळी फक्त बोलणं नीट टिपलं जातं. बाकीचं सगळं, पावलं, कपड्यांची सळसळ, कपबशी, कानाखाली काढलेला आवाज, नंतर एका बंद खोलीत बसून, पडदा बघत बघत भरायचं. चांगलं झालं तर कुणाला कळत नाही आणि वाईट झालं तर सगळ्यांना कळतं. आईच्या स्वयंपाकासारखं, असं त्या म्हणायच्या.

“आणि हे बघ,” यजमानांचा आवाज एकदम चढला, “तुझ्यावर आहे! ‘ठोसा आधी बसतो, आवाज सावकाश मागून येतो. खलनायक अर्धा खाली पडल्यावर धप्प! पोट धरून हसलो.’ अगं, ऐकतेस ना? आणि हे दुसरं. ‘आवाज भरणाऱ्याला साष्टांग नमस्कार. उशिराने येणारे ठोसे हीच खरी विनोदबुद्धी, बाकी सगळा आचरटपणा.’ सकाळपासून अशी एक्केचाळीस मोजली मी. एक्केचाळीस! तुझ्यासाठी नवीन रकाना आखला.”

ठोसाताई उठून बसल्या.

“उशिराने म्हणजे?”

“म्हणजे तू मुद्दाम मागून वाजवलंस ते. बोलली नाहीस कधी!”

“लावा बरं टीव्हीवर.”

यजमानांनी हौसेने लावला. तिसऱ्या गुरूची मारामारी. गुरूने शिंप्याच्या पोटात गुद्दा हाणला, शिंपी वाकला, आणि मग धप्प. लाथ बसली, माणूस भिंतीकडे निघाला, आणि मग फाट्. यजमान खदखदून हसले. ठोसाताईंचा चेहरा मात्र कोरा होता.

“टीव्हीचा दोष असेल,” त्या म्हणाल्या.

पण म्हणता म्हणताच त्यांना कळलं होतं, की टीव्हीचा दोष नाही. टीव्हीचा आवाज मागे पडला असता तर बोलणंही मागे पडलं असतं. ओठ आणि शब्द तर बरोबर जुळत होते. मागे होते ते फक्त त्यांचे हात.

त्यांनी ते मुद्दाम केलं नव्हतं.

एवढ्यात फोन वाजला. दिग्दर्शकच होता. “ताई! वाचलंत का? लोक वेडे झालेत! मी सगळ्यांना सांगतोय, ही आमच्या ताईंची कल्पना. मला म्हणाल्या असत्यात तर मी नको म्हटलं असतं, तेवढी अक्कल आहे का मला? ऐका, दुसरा भाग करतोय. आणि या वेळी सगळं उशिरा पाहिजे. ठोसे, दारं, शिंका, सगळं! बुधवारपर्यंत हो म्हणा.”

“बघते,” ठोसाताई म्हणाल्या.

“बघता काय! हो म्हणायचं!” असं म्हणून त्याने फोन ठेवला. तो नेहमीच समोरच्याचं उत्तर स्वतः देऊन फोन ठेवायचा.

*

ठोसाताई या कामात आल्या त्या कपड्यांच्या वाटेने. चोविसाव्या वर्षी त्या एका स्टुडिओच्या कपडेपटात शिवणकाम करायच्या. एक दिवस आवाज भरणारे म्हातारबा दारात येऊन म्हणाले, “रेशमी कापड हातात धरून चालेल अशी कुणी आहे का? माझ्या हातातून ते गोणपाटासारखं वाजतंय.” त्या गेल्या, आणि परत कपडेपटात आल्याच नाहीत. म्हातारबांनी त्यांना सगळं शिकवलं. हाड मोडायला गाजर. डोकं आपटायला कोबी. पोटातल्या गुद्द्याला जुन्या चामडी बॅगेत ओला टॉवेल. कानफटात मारायची ती आपल्याच मांडीवर, आणि मांडी लाल झाली तर कुरकुर करायची नाही. तेव्हापासून घरी गाजर चिरताना कुणाच्या तरी बरगड्या मोडतायत असं त्यांना वाटतं, आणि यजमान कोशिंबिरीला नावं ठेवतात.

म्हातारबांचा एक धडा मात्र साहित्याचा नव्हता. ते म्हणत, “मारणाऱ्याच्या मुठीकडे बघशील तर उशीर होईल. खांद्याकडे बघ. मूठ निघायच्या आधी खांदा चुगली करतो.” ठोसाताई खांदा बघायला शिकल्या. इतक्या, की रस्त्यात दोघं भांडत असले तर पहिला फटका कोण मारणार हे त्यांना आधी कळायचं. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रं सरकतात. एका चित्राला त्यांच्या धंद्यात फ्रेम म्हणतात. ठोसाताईंचा ठोसा फ्रेमवर बसायचा. लोक बघायला यायचे. ठोसाताई हे नाव तेव्हाचं. खरं नाव आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर असतं.

आता त्या सत्तावन्नच्या होत्या. गुडघे बोलायला लागले होते, उजवा खांदा हवामान सांगायचा. पण काम चोख होतं. निदान दोन वर्षं रोज संध्याकाळी सहाला त्या हेच समजून घरी येत होत्या. आवाज जागेवर पडला की काचेमागून रेकॉर्डिस्ट म्हणायची, “बसलं.” या खोलीत त्या एका शब्दावर माणसं पोट भरतात. आणि ती पोरगी तर दिवसातून शंभरदा म्हणायची.

त्या रात्री यजमान घोरत होते आणि ठोसाताई छताकडे बघत एकच हिशोब करत होत्या. ‘एक लाथ’चं काम आठ दिवस चाललं. त्या आठ दिवसांत रेकॉर्डिस्ट रजेवर होती, कारण तिच्या आईचं कमरेचं हाड मोडलं होतं. तिच्या जागी दुसरा एक जण यंत्रावर बसला होता, मोबाइलमध्ये मान घालून. तोही “बसलं” म्हणायचा.

म्हणजे ते आठ दिवस वाईट गेले, की बाकीची दोन वर्षं?

*

सोमवारी त्या नेहमीपेक्षा अर्धा तास आधी पोचल्या. तळघरातली ती खोली म्हणजे भंगारवाल्याचं दुकान. एकही जोड पूर्ण नसलेले बूट, पाच प्रकारच्या फरश्या, वाळूची पेटी, कुठेही न जाणारं एक दार. रेकॉर्डिस्ट काचेमागे कॉफी पीत होती. पस्तिशीची, अबोल, केस नेहमी पेन्सिलीने वर खोचलेले.

“आईचं कसं?” ठोसाताईंनी विचारलं.

“काठी घेऊन चालते. काठीला शिव्या देते. म्हणजे बरी आहे.”

“छान. शुक्रवारचं काम लाव जरा. दारूच्या गुत्त्यातली मारामारी.”

रेकॉर्डिस्टने लावलं. खुर्ची मोडली, ग्लास फुटला, दोन ठोसे, एक कानफटात. सगळं जिथल्या तिथे.

“आता मी वाजवलं तसं लाव. तुझा हात लागायच्या आधीचं.”

रेकॉर्डिस्टने कप खाली ठेवला. “ते पुसलं असेल.”

“तू काही पुसत नाहीस. पाच वर्षांपूर्वीच्या शिंका ठेवल्यायस जपून.”

“ताई, आज मोठा सीन आहे, आधी तो—”

“लाव गं.”

तिने लावलं. खुर्ची मोडली आणि मग मोडल्याचा आवाज आला. ग्लास जमिनीवर फुटून विखुरला आणि मग फुटला. कानफटात बसून माणसाची मान वळली, मग चट्. इथे कुणी हसत नव्हतं. ही गंभीर गोष्ट होती, मार खाणारा माणूस पुढच्या प्रसंगात मरणार होता.

“कधीपासून?” ठोसाताईंनी विचारलं.

“दोन वर्षं होतील.”

“किती?”

“आधी दोन फ्रेम असायचं. तेवढं कुणाचंही होतं. आता चार, पाच. थकल्या असलात की सहा.”

“आणि तू काय करायचीस?”

“तुम्ही गेलात की बसायचे अर्धा तास. एकेक उचलून पुढे सरकवायचे.”

“माझ्या पाठीमागे?”

“मग काय तुमच्या समोर करू?” रेकॉर्डिस्टचा आवाज पहिल्यांदाच चढला. “काय सांगणार होते? ताई, तुम्हाला जमत नाही? मला यंत्र चालू कुठून करायचं हेही माहीत नव्हतं, तेव्हा तुम्ही डबा दिलात, माझ्या चुका स्वतःच्या म्हणून मालकांना सांगितल्यात. आणि आवाज तुमचेच आहेत. मी कुठे काढले? मी फक्त जागेवर ठेवले.”

“जागेवर ठेवणं हेच तर काम आहे, बाई. नुसता आवाज काय, भांडं पडलं तरी येतो.”

रेकॉर्डिस्टने पेन्सिल काढून परत खोचली. ठोसाताई स्टुलावर बसल्या. त्यांना राग यायला हवा होता, पण तेवढी ताकद गोळा होईना. अंगभर नुसता थकवा होता. चार मजले चढून गेल्यावर आपण चुकीच्या इमारतीत आलो हे कळावं, तसा.

“आज एक कर,” त्या म्हणाल्या. “मी वाजवते. बसलं तरच बसलं म्हण. खोटं बोललीस तर मला कळेल. म्हणजे, आजवर कळलं नाही, पण आज कळेल.”

त्या दिवसाचा मोठा सीन म्हणजे एक बाप आपल्या वयात आलेल्या मुलीला थप्पड मारतो, एवढाच. एकच थप्पड. त्याच्या आधी आणि नंतर शांतता. चित्रपट तोलून धरणारी जागा ती.

ठोसाताई मायक्रोफोनसमोर बसल्या, मांडीवर पातळ चामड्याचा तुकडा ठेवला. दिवा मंद झाला. पडद्यावर बाप बोलता बोलता थांबला. त्यांनी डोळे त्याच्या खांद्यावर रोवले. खांदा हलला, त्यांना दिसला, अगदी स्पष्ट दिसला. आणि हात निघाला.

काचेमागून काहीच आलं नाही.

“परत,” ठोसाताई म्हणाल्या.

परत. पुन्हा परत. चौथ्यांदा त्यांनी खांदा हलायच्या आधीच अंदाजाने हात टाकला. थप्पड आधीच वाजली आणि बाप जणू दचकून मारायला धावला. पाचव्यांदा त्यांनी श्वास रोखून धरला. मांडी चरचरत होती. मग बोलायचं बटण दाबल्याची खरखर ऐकू आली.

“नाही, ताई.”

दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने हे म्हटलं होतं. आपल्याला वाईट वाटेल असं ठोसाताईंना वाटलं होतं. वाटलंच. पण त्याच्या आत कुठेतरी, घट्ट बूट काढल्यावर पायाला वाटतं, तसंही काहीतरी होतं.

“डोळे सांगतात,” त्या काचेकडे बघत म्हणाल्या. “वेळेवर सांगतात. हातापर्यंत निरोप पोचायला वेळ लागतो. आमच्या यजमानांचं टपाल बरं म्हणायचं.”

रेकॉर्डिस्ट हसली आणि हसता हसता तिने नाक पुसलं.

“आणि पावलं?” ठोसाताईंनी विचारलं. “खरं सांग. पावलंही सरकवतेस?”

“पावलं नाही. कधीच नाही. चालणाऱ्याची लय एकदा पकडलीत की तुमचे पाय आपोआप पुढे जातात. कपडे नाहीत, भांडी नाहीत. फक्त एकदम येतं ते. मारामारी, पडणं, दार आपटणं.”

“म्हणजे मारामारी गेली.”

“मारामारी गेली,” रेकॉर्डिस्ट म्हणाली.

तेहेतीस वर्षांचं नाव ज्या कामावरून पडलं, ते दोन शब्दांत संपलं. ठोसाताईंनी मांडीवरचं चामडं उचलून खिळ्याला लावलं आणि बाहेर जिन्यात जाऊन दिग्दर्शकाला फोन केला.

“हो ना, ताई? मला माहीतच होतं!” तो म्हणाला.

“नाही. आणि आज जरा पूर्ण ऐका. ते उशिरा वाजलेलं मुद्दाम नव्हतं. माझा हात उशिरा पडतो आता. तुमच्या चित्रपटात तो कुणी सरकवला नाही, म्हणून तसाच राहिला.”

पलीकडून मोठं हसू. “ताई, तुम्ही पण ना! मुलाखतीत हेच सांगा, अगदी असंच, गंभीर चेहऱ्याने. लोक लोळतील!”

“मी विनोद करत नाहीये.”

“तेच तर! तुमचा विनोद कळतच नाही!”

“अहो, ऐका. समजा, खरं आहे.”

जिन्यावरून कुणीतरी खोकी घेऊन गेलं, त्याला वाट द्यायला ठोसाताई भिंतीला टेकल्या.

“खरं असलं तरी काय बिघडतं?” तो आता हळू, जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाला. “लोकांना आवडलंय. त्यांना कुठे माहितीये? तुम्ही या, जमेल तसं वाजवा, उशीर होईल तेवढा होऊ द्या. तुम्हाला उलट सोपं.”

हे अगदी खरं होतं. हो म्हटलं असतं तर पुढची दोनतीन वर्षं निघाली असती. एक्केचाळीस माणसं पाया पडायला तयार होती. यजमानांनी तर रकानाही आखला होता.

“सोपं नाही हो,” ठोसाताई म्हणाल्या. “मुद्दाम उशीर करायला माणूस आधी वेळेवर असावा लागतो. किती मागे टाकायचं ते हातात असलं तर विनोद. माझ्या हातात नाही. एकदा चार, एकदा सहा. एखादा तरबेज माणूस घ्या आणि त्याला उशिरा मारायला लावा. तो झकास करेल.”

“लोक तुम्हाला मागतायत.”

“लोकांना सांगा, ठोसाताई दमल्या.”

या वेळी फोन त्यांनी ठेवला.

परत आल्यावर त्यांनी रेकॉर्डिस्टला सांगितलं, की मालकांशी त्या स्वतः बोलतील. मारामारीला नवा माणूस बघावा, तोवर हा चित्रपट तरी दोघींनी मिळून पुरा करावा, आणि नावांच्या यादीत ‘आवाज’ या शब्दापुढे दोन नावं यायला हवीत. रेकॉर्डिस्ट “नको हो” म्हणाली. ठोसाताईंनी ते ऐकलं नाही. दुपारभर त्यांनी पावलं भरली. बाप खोलीत येरझारा घालत होता, मुलगी अनवाणी जिना उतरत होती. तेवढं काम मात्र त्यांच्या पायांनी कुणालाही न विचारता केलं.

सहा वाजले. एरवी त्या पर्स घेऊन निघतात. आज त्यांनी स्टूल उचललं, पहिल्यांदाच काचेच्या पलीकडे नेलं आणि रेकॉर्डिस्टच्या खुर्चीशेजारी ठेवलं.

“ताई, घरी जा. मी करते.”

“कर ना. मी बघते.”

पडद्यावर हिरव्या रेघोट्या होत्या. सकाळच्या पाच थपडा एकाखाली एक, पाच काटेरी सुरवंटांसारख्या. रेकॉर्डिस्टने तिसरी निवडली. तिचा आवाज सर्वांत खरा होता. तिने ती बोटाने धरली.

“किती?” ठोसाताईंनी विचारलं.

“पाच.”

थप्पड पाच फ्रेम पुढे सरकली आणि बापाच्या हाताखाली जाऊन बसली. रेकॉर्डिस्टने लावून दाखवलं. मुलीची मान वळली आणि त्याच क्षणी चट्. दोघीही नकळत थोड्या मागे झाल्या.

“आवाज चांगला काढलाय,” ठोसाताई म्हणाल्या.

“तुमचाच आहे.”

“माहितीये. पुढचा घे.”

पुढे शुक्रवारच्या उरलेल्या खुर्च्या होत्या, मग दार. ठोसाताई प्रत्येक वेळी “किती” विचारत राहिल्या आणि रेकॉर्डिस्ट खरा आकडा सांगत राहिली. चार. सहा. चार. यजमानांचा फोन आला, अजून बारा मतं आली होती. “आल्यावर ऐकते,” त्या म्हणाल्या. नंतर केव्हातरी त्यांनी विचारायचं थांबवलं, गुडघा चोळत नुसत्या बघत बसल्या, आणि रेकॉर्डिस्ट एकेक रेघ उचलून जागेवर ठेवत गेली.